पियानोपाशी बसलेला मुलगा

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या श्रावणातील गोष्ट आहे. शनिवार होता. मावळात पाऊस कसा पडतो हे या महाविद्यालयात शिकणाऱ्यांना मी सांगायला नको. सकाळपासून त्याने उसंत घेतली नव्हती. कामशेतहून संध्याकाळची लोकल पकडली तेव्हा इंद्रायणी तांबड्या पाण्याने दुथडी भरून वाहत होती आणि डब्यातील निम्मी माणसे छत्र्या निथळत उभी होती. मित्राकडे अभ्यासाला जातो, असे घरी सांगून मी निघालो होतो. खरे म्हणजे मी गाणे ऐकायला चाललो होतो.

पुण्यातील चार मुलांचा एक बँड आहे. आमच्याकडे बँड म्हटला की वरातीतला बँड डोळ्यांसमोर येतो, म्हणून सांगतो की या मुलांकडे गिटार, ड्रम आणि इलेक्ट्रिक पियानो असतो, आणि ती जे संगीत वाजवतात त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. त्यांचे नाव लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखे वाटेल. वर्षभर मी त्यांची गाणी मोबाईलवर ऐकत होतो. ती मुले लोणावळ्यात, वलवणच्या रस्त्यावरील एका जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात वाजवणार असे कळले, तेव्हा माझा विश्वासच बसला नाही.

दिवाणखाना आपल्या दोन वर्गांएवढा असेल. खुर्च्या पन्नास मांडल्या होत्या, पण पावसामुळे आम्ही तीस-पस्तीसच जण होतो. मला पुढून दुसऱ्या ओळीत जागा मिळाली. ज्यांना आजवर चार इंचांच्या काचेवर पाहिले, ते माझ्यापासून आठ-दहा फुटांवर होते. गिटारची तार लावताना त्या मुलाने ओठ दाताखाली धरलेला मला दिसत होता. आपण इतक्या जवळून पाहतो आहोत याचा एक प्रकारचा संकोचच वाटला.

तिसरे गाणे चालू असताना दिवे गेले. ज्या वलवणच्या तलावाचे पाणी १९१५ पासून खोपोलीला वीज तयार करते आणि ज्या विजेवर मुंबई उजळली, त्याच तलावाच्या काठी आम्ही अंधारात बसलो. गिटार मुके झाले, कर्णे मुके झाले. बाहेरचा पाऊस एकदम मोठ्याने ऐकू येऊ लागला. कोणीतरी दोन मेणबत्त्या आणल्या. कार्यक्रम संपला असे समजून काही लोक उठूही लागले. तेवढ्यात त्यांच्यातील गाणारा मुलगा कोपऱ्यात उभ्या असलेल्या, बंगल्याच्या मूळ मालकाच्या काळातील जुन्या पियानोकडे गेला. दोन-तीन सूर दबलेले होते, तरी तो वाजवू लागला आणि चौघांनी मिळून, ध्वनिक्षेपकाशिवाय, एक इंग्रजी गाणे म्हटले. ते बोहेमियन रॅप्सडी होते. संपल्यावर त्याने एवढेच सांगितले की, हे गाणे ज्याने रचले तो पाचगणीला शिकला आणि पहिल्यांदा बँडमध्ये वाजवायला बसला तोही तिथेच, शाळेच्या हॉलमध्ये.

शेवटच्या लोकलने परतताना माझ्या डोक्यात गाण्यापेक्षा पाचगणीच अधिक घोळत होती. ज्याचे नाव लंडन-अमेरिकेशी जोडायचे, तो माणूस आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिकला! पुढील दोन महिने मी मिळेल ते वाचत राहिलो. ते सारे येथे लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. ते शेवटी सांगेन, कारण ते माझ्याबद्दल आहे आणि फारसे अभिमानाचे नाही.

जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. त्याचे खरे नाव फारोख बलसारा. गुजरातेतील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, हे त्याच्या घराण्याचे मूळ गाव. आडनाव त्यावरूनच आले. कुटुंब पारशी. वडील बोमी हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील झांझिबार बेटावर ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. तेथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारोखचा जन्म झाला. सहा वर्षांनी धाकटी बहीण काश्मिरा जन्मली. लवंगांच्या व्यापाराने गजबजलेले बेट, समुद्र, घरात अग्निपूजकांच्या प्रार्थना आणि गुजराती बोली, असे त्याचे पहिले जग होते.

आठव्या वर्षी या मुलाला आईवडिलांनी शिक्षणासाठी भारतात पाठवले. झांझिबारहून बोटीने मुंबई आणि मुंबईहून पुणेमार्गे पाचगणी. पुणेमार्गे जायचे म्हणजे बोरघाट चुकत नाही. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या घाटाच्या रेल्वेने खंडाळा ओलांडून गाडी लोणावळ्याला येते, घाटाची दमछाक संपते आणि मग मावळच्या भातखाचरांमधून पुण्याकडे धावू लागते. ज्या वाटेवरून आपण रोज महाविद्यालयात येतो, ती वाट त्या मुलाच्याही प्रवासात होती. बोगद्यांचा अंधार संपून उघड्या माळावर आल्यावर आठ वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल? मी स्वतः पाचवीत आश्रमशाळेत राहिलो आहे. आई निघून जाताना एस.टी.च्या खिडकीतून हात हलवत होती, तो हात मला अजून दिसतो. माझी आई चाळीस किलोमीटरवर होती. त्याची समुद्रापलीकडे.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो सुमारे आठ वर्षे राहिला. थंड हवा, सिल्व्हर ओकची उंच झाडे, शिस्तीच्या घंटा आणि इंग्रजी पद्धतीचे शिक्षण. फारोख हे नाव तेथे मागे पडले आणि मुले-मास्तर त्याला फ्रेडी म्हणू लागले. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात ओठांबाहेर येत. मुलांनी त्यावरून त्याला चिडवण्याचे नाव पाडले. हसताना तोंडावर हात धरण्याची त्याची सवय जन्मभर राहिली. पुढे पैसा आला तेव्हाही त्याने ते दात काढून घेतले नाहीत. काढले तर आवाज बदलेल, ही त्याची भीती होती.

असे असले तरी तो कोपऱ्यात बसणारा मुलगा नव्हता. टेबल टेनिसमध्ये तो तरबेज होता, मुष्टियुद्ध खेळत असे, चित्रे काढत असे, शाळेच्या नाटकांत काम करत असे. १९५८ मध्ये त्याला लहान गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचे पारितोषिकही मिळाले. पण त्याच्यातील खरी चमक शाळेला दिसली ती संगीतात. मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्राने कळवले की थोडी जादा फी भरलीत तर मुलाला पियानो शिकवता येईल. आईवडिलांनी ती भरली. पाश्चात्त्य पद्धतीच्या चार परीक्षा तो देत गेला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी.

१९५८ च्या सुमारास शाळेतील पाच मुलांनी मिळून एक बँड काढला. नाव ठेवले द हेक्टिक्स. ब्रूस मरे, डेरिक ब्रँच, फरंग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी बलसारा. यांपैकी डेरिक ब्रँच पुढे इंग्लंडमध्ये नट झाला आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर पोचला. पण त्या वेळी सारेच बारा-तेरा वर्षांचे. वाद्यांची तर गंमतच होती. बास गिटार आणणार कोठून? म्हणून चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून ते काम भागवले. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवत. शाळेबाहेर वाजवायला बंदी होती. त्यामुळे रंगमंच एकच, शाळेचा हॉल. श्रोते म्हणजे सोबतची मुले, मास्तर, आणि समारंभ असेल तेव्हा गावातील मुलींच्या शाळेतून आलेल्या मुली. त्या मुली पुढे गर्दी करून ओरडत, हे त्या काळच्या साऱ्याच सोबत्यांच्या आठवणींत आहे.

आता यातील महत्त्वाची गोष्ट सांगतो. हेक्टिक्समध्ये मुख्य गायक फ्रेडी नव्हता. गात होता ब्रूस मरे. ज्याच्या आवाजाने पुढे जगातील मोठमोठी मैदाने दणाणली, तो मुलगा त्या हॉलमध्ये मागे पियानोपाशी बसलेला असे, मध्येच इतरांच्या आवाजात आवाज मिसळी, एवढेच. मित्रहो, त्या हॉलमध्ये बसलेल्या शे-दोनशे जणांपैकी कोणाला तरी वाटले असेल का, की आपण काय ऐकत आहोत? नसेलच वाटले. पण ते ऐकत होते. टाळ्या वाजवत होते. त्या मुलाला बसू देत होते.

अभ्यासात तो पुढे मागे पडत गेला. शाळा सोडून काही काळ मुंबईला आणि १९६३ च्या सुमारास झांझिबारला परतला. तेथे थोड्याच दिवसांत आभाळ फाटले. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले. बलसारा कुटुंबाने हाताला लागले तेवढे सामान घेऊन इंग्लंड गाठले आणि लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम या उपनगरात एका लहान घरात संसार मांडला. फ्रेडी सतरा वर्षांचा होता. सुट्टीत त्याने विमानतळावर सामान उचलण्याचे कामही केले. पुढे ईलिंगच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका मिळवली. म्हणजे तोही आपल्यासारखा कला शाखेचाच.

ईलिंगच्या त्या वर्षांत तो काय करत होता, हे मला सर्वांत आवडले. तो ऐकत होता. त्याच्या वर्गातील टिम स्टाफेल हा मुलगा स्माइल नावाच्या बँडमध्ये गात असे. गिटारवर ब्रायन मे होता, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने आपली गिटार वडिलांच्या मदतीने घरीच, जुन्या शेकोटीच्या लाकडातून बनवली होती. ड्रमवर रॉजर टेलर, दंतवैद्यक शिकायला लंडनला आलेला. स्माइल लहान लहान ठिकाणी, महाविद्यालयांच्या हॉलमध्ये, क्लबांमध्ये वाजवी आणि फ्रेडी त्यांच्या मागोमाग जाई. स्माइल हा त्याचा आवडता बँड होता. नुसते ऐकून तो गप्प बसत नसे. कपडे कसे घाला, मंचावर कसे उभे राहा, श्रोत्यांकडे कसे पाहा, हे तो त्यांना सांगत राही. त्या वेळी ना त्याचे नाव होते, ना त्याला कोणी विचारले होते. तो फक्त पुढच्या ओळीतील एक श्रोता होता, पण त्या गाण्याचे भले व्हावे असे त्याला मनापासून वाटत होते.

याच काळात तो स्वतःही दुसऱ्या बँडमधून गाऊ लागला. आयबेक्स नावाच्या बँडबरोबर ऑगस्ट १९६९ मध्ये बोल्टन या गावी तो प्रथम इंग्लंडच्या श्रोत्यांपुढे उभा राहिला. एका कार्यक्रमात ध्वनिक्षेपकाच्या दांडीचा खालचा भाग निसटला. दुसरा कोणी असता तर थांबला असता. त्याने हातात राहिलेला अर्धा दांडा तसाच धरून गाणे पुरे केले आणि पुढे तो अर्धा दांडाच त्याची ओळख झाला. पोटासाठी तो आणि रॉजर टेलर केन्सिंग्टनच्या बाजारात एका गाळ्यावर जुने कपडे विकत.

१९७० मध्ये स्टाफेल स्माइलमधून बाहेर पडला आणि इतके दिवस पुढच्या ओळीत बसणारा फ्रेडी मंचावर गेला. बँडचे नाव क्वीन त्यानेच ठरवले, आपले आडनाव मर्क्युरी असे त्याने याच सुमारास केले. मर्क्युरी म्हणजे बुध. बँडचे चिन्ह त्यानेच काढले. चौघांच्या राशी त्यात गुंफल्या: दोन सिंहांसाठी दोन सिंह, कर्केसाठी खेकडा, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या. २७ जून १९७० रोजी ट्रुरो गावच्या नगरभवनात रेडक्रॉसच्या मदतीसाठी रॉजरच्या आईने एक कार्यक्रम ठरवला होता. तो ठरला होता स्माइलच्या नावाने, पण गायला उभा राहिला फ्रेडी. १९७१ मध्ये जॉन डीकन हा बास गिटार वाजवणारा मुलगा आला आणि चौकडी पुरी झाली. त्यानंतरही दोन-तीन वर्षे महाविद्यालयांचे हॉल आणि लंडनमधील मार्की क्लबसारख्या जागा, हेच त्यांचे जग होते.

येथे प्रोग्रेसिव्ह रॉकबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. साठचे दशक सरताना इंग्लंडमधील काही तरुणांना तीन मिनिटांचे, ध्रुवपद आणि कडवी असलेले गाणे अपुरे वाटू लागले. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस अशा बँडांनी पंधरा-वीस मिनिटांच्या रचना केल्या. त्यात लय बदलते, ताल बदलतो, मध्येच गाणे थांबून वाद्येच बोलतात, एका गाण्यात चार गाणी असतात. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. तमाशात गण होतो, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. प्रत्येकाचा ढंग वेगळा, पण रात्र एकच. क्वीनला कोणी निव्वळ प्रोग्रेसिव्ह म्हणणार नाही. तरीही १९७३ ची त्यांची पहिली आणि १९७४ ची दुसरी तबकडी याच वळणाच्या आहेत. दुसऱ्या तबकडीतील मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन हे फ्रेडीचे गाणे साडेसहा मिनिटांत इतक्या वेळा रूप पालटते की पहिल्यांदा ऐकताना मला गाणे संपून दुसरे लागले असेच वाटले होते.

या वळणाचे शिखर म्हणजे १९७५ चे बोहेमियन रॅप्सडी. आधी नुसते आवाज, मग पियानोवरील संथ गाणे, मग गिटार, मग इटालियन संगीतिकेची थट्टामस्करी, मग धडाडणारे रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. ध्रुवपद नाही. मधल्या संगीतिकेतील प्रचंड गायकवृंद खरे तर तिघांचाच आहे. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघे आवाजावर आवाज चढवत राहिले, तीन आठवडे. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे गाणे आकाशवाणीवर कोण वाजवणार, असे जाणकारांचे मत होते. ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाणे लांब आहे, विचित्र आहे, मध्येच सूर बदलते, म्हणून ते ऐकायचेच नाही असे श्रोत्यांनी ठरवले नाही. ही गोष्ट मला पुढे फार बोचली. का, ते येईलच.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. लहान हॉल मागे पडले. मैदाने आली. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेल्या लाइव्ह एडमध्ये क्वीनला एकवीस मिनिटे मिळाली. समोर सुमारे बहात्तर हजार माणसे आणि दूरचित्रवाणीवर सारे जग. मी ते चित्रण कित्येकदा पाहिले आहे. तो धावत मंचावर येतो, लोकांना अभिवादन करतो आणि सरळ पियानोपाशी जाऊन बसतो. सुरुवात तेथून करतो. बहात्तर हजारांपुढे का होईना, पहिले मिनिट त्याने पाचगणीच्या मुलासारखेच, पियानोपाशी बसून काढले. मग तो उठला, अर्धा दांडा हाती घेतला आणि साऱ्या मैदानाला गायला लावले. वर्षभराने, ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे तो क्वीनबरोबर शेवटचा गायला.

भारतात मात्र तो क्वीनला घेऊन कधी आला नाही. आपल्या बालपणाविषयी तो चारचौघांत फारसा बोलतही नसे. त्यावरून त्याने मुळे लपवली असे काही जण म्हणतात. मला तसा न्याय करवत नाही. वसतिगृह, क्रांती, परागंदा होणे, परक्या देशातील तिरके कटाक्ष, एवढे सोसलेल्या माणसाने काय बोलावे आणि काय बोलू नये, हे आपण कोण ठरवणार? त्याचे प्रेमजीवनही त्या काळच्या समाजाला सहज पेलणारे नव्हते. मेरी ऑस्टिन ही त्याची तरुणपणची सहचरी आणि अखेरपर्यंतची जिवलग मैत्रीण. शेवटची काही वर्षे जिम हटन हा पुरुष त्याचा जोडीदार होता. १९८७ मध्ये त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. आज औषधांच्या आधारे एचआयव्ही झालेला माणूस दीर्घायुष्य जगू शकतो. तेव्हा तशी औषधे नव्हती. शरीर खंगत असतानाही तो ध्वनिमुद्रण करत राहिला, उभे राहवत नसताना गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून केले. झांझिबारच्या घरात लहानपणी कानावर पडत ते शब्द शेवटी लंडनमध्ये त्याच्यासाठी म्हटले गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी एस.टी.ने पाचगणीला गेलो होतो. शाळेच्या फाटकाबाहेरच थोडा वेळ उभा राहिलो. आत जाण्याचे काही कारण नव्हते. हवेत गारवा होता, टेबललँडकडे जाणाऱ्या मोटारींचे भोंगे वाजत होते. तेथे उभा असताना मला जे आठवले, ते आता सांगतो.

गेल्या वर्षीचे आपले स्नेहसंमेलन आठवा. विविधगुणदर्शनात प्रथम वर्षाचा एक मुलगा पेटी घेऊन बसला होता. अंदर मावळातला. नाव लिहीत नाही, तुम्हांला कळलेच असेल. त्याने स्वतः रचलेले काहीतरी म्हणायला घेतले. आधी अभंगासारखे, मग एकदम चाल बदलली, मग नुसतीच पेटी, मग पुन्हा निराळाच ठेका. डोळे मिटून, मान हलवत तो गात होता. लांबले होते हे खरे. तिसऱ्या मिनिटाला मागून कोणीतरी तालावर टाळ्या वाजवू लागला, म्हणजे ज्या टाळ्या थांब म्हणून वाजवतात त्या. मग शिट्ट्या झाल्या, हुर्यो झाली. त्याने डोळे उघडले, पेटीचा भाता लावला आणि गाणे अर्धवट टाकून तो उठला. आम्ही हसलो.

त्या टाळ्या प्रथम वाजवणारा मी होतो.

वाईट हेतू नव्हता, गंमत होती, संमेलनात असे चालायचेच, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. गंमत अशी की, त्याच वर्षी मी मोबाईलवर दहा-दहा मिनिटांची, चाली बदलणारी गाणी ऐकत होतो आणि त्यांना थोर म्हणत होतो. पुण्याच्या मुलांनी केले तर प्रयोग आणि आपल्या वर्गातल्याने केले तर लांबण! वलवणच्या त्या दिवाणखान्यात दिवे गेल्यावर आम्ही तीस जण उठून गेलो असतो तर तो पियानो वाजला नसता. आम्ही बसलो, म्हणून वाजला. पाचगणीच्या हॉलमध्ये दात पुढे आलेल्या त्या मुलाची पहिल्याच दिवशी कोणी हुर्यो उडवली असती, तर तो पुढे गायलाच नसता असे मी म्हणत नाही. कदाचित गायलाही असता. पण दोष मात्र त्या हॉलचा राहिला असता. मोठ्या मैदानात एखाद्याने शिट्टी मारली तर ती गर्दीत विरून जाते. लहान हॉलमध्ये ती गाणाऱ्याच्या कानापर्यंत पोचते, आणि कोणी मारली हेही त्याला दिसते. लहान जागेत श्रोत्यावर जबाबदारी अधिक असते, हे मला तेथे फाटकाबाहेर उभे असताना कळले.

सुट्टीनंतर मी त्या मुलाला ग्रंथालयात गाठले. काय बोलायचे ते मनाशी घोकून गेलो होतो, ते सारे विसरलो. टाळ्या मी सुरू केल्या होत्या, एवढेच सांगितले. त्याला ते माहीत होते. त्याने मला तेव्हाच पाहिले होते. थोडा वेळ दोघेही गप्प होतो. मग त्याने विचारले, शेवट कसा होता तो ऐकायचा आहे का? आम्ही मागच्या जिन्याखाली बसलो. पेटी नव्हती. तो बोटांनी मांडीवर ठेका धरून हलक्या आवाजात गायला आणि मी पहिल्यांदा ते गाणे शेवटपर्यंत ऐकले. शेवटी ते पुन्हा पहिल्या अभंगाच्या चालीवर येते. आम्ही तेवढे थांबलो असतो तर आम्हांला कळले असते.

यंदाच्या संमेलनात त्याने नाव द्यावे असा माझा आग्रह चालू आहे. तो देईल की नाही, मला ठाऊक नाही. दिले तर पुढच्या ओळीत मी असेन. तुम्हीही या.